लंगोटांची मालगाडी

शोकेसमधल्या वस्तूला हात लावायचा नाही, आणि का लावायचा नाही ते विचारायचं नाही.

रत्नागिरीत राजिवड्याच्या ज्या घरात माझं आयुष्य गेलं, त्या घराचा हा कायदा. मी त्या घरातली खेळण्यातली आगगाडी बोलतेय. एक लाल इंजिन आणि मागे तीन डबे, अशी मी आले होते. आज डबे दोनच उरलेत. इंजिनाचं पुढचं एक चाक गेलंय, आणि एका डब्याच्या छपरावर दातांच्या खुणा आहेत. कुणी माझी कीव करू नका. ही माझी चांगली अवस्था आहे. वाईट अवस्था होती तेव्हा मी अगदी नवीकोरी दिसत होते.

माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यात झाला. लांबलचक टेबलापाशी मुली बसायच्या. एक चाकं बसवायची, एक रंग पुसायची, एक स्क्रू पिळायची. शेवटच्या मुलीने माझ्या पोटात सेल घातले, बटण दाबलं, आणि मी तिच्या हातात घुरघुरले. तिने मान डोलावली, सेल काढून घेतले आणि मला खोक्यात घातलं. खोक्यावर चित्र होतं: एक मूल जमिनीवर पालथं पडलंय आणि मी त्याच्या नाकासमोरून धावतेय. मला वाटलं, हेच माझं पुढचं आयुष्य. चित्रावर विश्वास ठेवला, ही माझी चूक.

१९९८ साली कुवेतच्या बाजारात तन्वीर नावाच्या तरुणाने मला विकत घेतलं. तो तिथे एसी दुरुस्त करायचा आणि पहिल्याच सुटीवर लग्नासाठी गावी निघाला होता. दुकानदाराने विचारलं, मुलगा केवढा आहे? तन्वीर लाजला. "लग्न व्हायचंय अजून. पोर झालं की खेळेल." त्या क्षणी तो मला फार आवडला. नंतर आवडेनासा झाला.

राजिवड्यातल्या घरी बॅग उघडली तेव्हा हॉलमध्ये अर्धा मोहल्ला बसला होता. साबण, अत्तर, ब्लँकेट, मग मी. तन्वीरच्या आईने, जैतून अम्मांनी, मला खोक्यातून काढलं. सेल घातले. गालिच्यावर रूळ जोडला आणि मी एक चक्कर मारली. बायका माशाल्ला म्हणाल्या. मी दुसऱ्या चकरेला निघाले तोच अम्मांनी मला उचललं.

"बस झालं. खराब होईल."

आणि मी शोकेसमध्ये गेले.

ते शोकेस म्हणजे त्या घराची शान. फॉर्मायकाचं, सरकत्या काचेचं, छोट्या कुलपाचं. त्याची किल्ली अम्मांच्या पदराच्या गाठीत. आत कधीही चहा न पाहिलेले कप, अत्तराच्या रिकाम्या बाटल्या, प्लॅस्टिकचे गुलाब, सेलोफेनमध्ये गुदमरलेली एक बाहुली, आणि बंद पडलेलं सोनेरी घड्याळ. माझा खोका पाठीमागे उभा केला आणि मला त्याच्यापुढे. रूळ कपाटावर गेला, तो मी पुन्हा पाहिला नाही.

पाहुणे आले की अम्मा बोटाने दाखवायच्या. "तन्वीरने आणलंय. असलं इथं मिळायचं नाय." पाहुणे माना हलवायचे. त्यांच्याबरोबर आलेली मुलं माझ्याकडे बघत बिस्किट चावायला विसरायची. मग कुणीतरी त्यांच्या हातावर चापट मारायचं. पाहुणी पोरं आली की मार खाणार, हे मला आधीच कळायचं. मारायचंच होतं तर दाखवलं कशाला, हे त्या मोठ्या माणसांना कुणी विचारत नव्हतं.

सेल माझ्या पोटातच राहिले. खेळणाऱ्या घरात सेल संपतात, मग बदलतात. इथे खेळच नव्हता, तर सेल कोण काढणार? खाडीची खारी हवा काचेच्या फटीतून आत यायची. हळूहळू माझ्या पोटात काहीतरी ओलसर झिरपायला लागलं. बाहेरून मी लखलखीत होते. अम्मा दर ईदला मला फडक्याने पुसायच्या आणि म्हणायच्या, "बघा, कालच आणल्यासारखी वाटते."

तन्वीरची बायको इफ्फत दापोलीची. बी. ए. झालेली. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात तिने मला बघून विचारलं, "अम्मा, ही गाडी कुणासाठी?"

"घरासाठी."

"घर खेळतं?"

रात्रीच्या जेवणाला सगळ्यांना ऐकू जाईल असं अम्मा तन्वीरला म्हणाल्या, "तुझी दुल्हन शिकलेली हाय, ते कळलं हां आम्हाला."

मला मात्र त्या दिवसापासून त्या घरात एक माणूस मिळालं.

दोन हजार एक साली इफ्फतला मुलगी झाली, आलिया. ती रांगायला लागली ती थेट माझ्याकडेच आली. काचेला नाक लावायची आणि श्वासाने काच धुरकटवायची. धुक्यापलीकडे एक चपटं नाक आणि दोन डोळे. अम्मा वर्तमानपत्राचा बोळा घेऊन यायच्या, काच पुसायच्या आणि तिला उचलून दूर ठेवायच्या. ती परत यायची. अम्मा परत पुसायच्या. तन्वीर सुटीवर आला तेव्हा इफ्फत म्हणाली, "हिच्यासाठीच आणली होतीस ना? काढून दे." तन्वीर डोकं खाजवत म्हणाला, "अम्माला विचारतो." विचारलं नाही. सुटी संपवून गेला.

मग आला दोन हजार तीनचा जुलै. इफ्फतला मुलगा झाला, जुनेद. इफ्फतला आई नव्हती, म्हणून हे बाळंतपण सासरीच झालं. चाळीस दिवस बाळंतिणीने खोलीचा उंबरा ओलांडायचा नाही, हा त्या घराचा दुसरा कायदा. बाहेर पाऊस, खोलीत लोबानचा धूर, दोरीवर न वाळणारे लंगोट, खाटेवर रडणारं बाळ, आणि त्या एवढ्याशा खोलीत दोन वर्षांची आलिया. पावसामुळे तिला अंगण बंद. अम्मांच्या गालिच्यामुळे हॉल बंद.

मी समोरच्या हॉलमध्येच होते. खोलीचं दार उघडं असायचं, म्हणून मला सगळं दिसायचं. बाळ पाजायला घेतलं की आलिया पाण्याचा तांब्या उलटा करायची. बाळ झोपलं की त्याच्या डोळ्यात बोट घालून बघायची, उघडतात का. इफ्फतने काय काय केलं नाही? कपड्यांच्या चिमट्यांची माळ करून दिली. जुनी वर्तमानपत्रं फाडायला दिली. कुकरची शिट्टी, रिकामे डबे, बांगड्या. एका मांडीवर बाळ घेऊन दुसऱ्या हाताने ती भिंतीवर सावलीचा ससा करायची. आलिया हसायची, आणि ससा संपला की पुन्हा तांब्या.

आणि मोठी माणसं काय करत होती? सल्ले देत होती. अम्मा दारात उभ्या राहून म्हणायच्या, "आमच्या वेळी पोरं अशी नव्हती." सासरे, अहमदबाबा, जन्मभर जहाजावर राहिलेले. त्यांची स्वतःची पोरं लहान असताना ते समुद्रावर होते, तरी पोरं कशी वाढवायची ते त्यांना पाठ होतं. "पोरीला वळण नाय," असं ते आरामखुर्चीतून सांगायचे. आलियाला घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत चक्कर मारून यावं, छत्री तर दारातच होती, हे कुणाच्या मनात आलं नाही.

एका सकाळी इफ्फत बाळाचं दुपटं बदलत होती. आलियाच्या डब्यात चिंचोके होते, ती ते खुळखुळवत होती. इफ्फत दुपट्याकडे वळली तेवढ्यात आलियाने एक चिंचोका बाळाच्या तोंडात ठेवला. "खा," ती म्हणाली. प्रेमानेच म्हणाली. इफ्फतने बोट घालून चिंचोका काढला. बाळ लालबुंद होऊन रडलं आणि मग चुपचाप दूध प्यायलं. झालं काहीच नाही. पण घर गोळा झालं.

अहमदबाबांची बहीण, रहमत फुफू, बाळ बघायला जयगडहून आली होती. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आज चिंचोका, उद्या उशी ठेवेल तोंडावर. दोन पोरं एका खाटेवर नाय निभायची गो. मी मोठीला घेऊन जाते. थोडे दिवस."

"थोडे म्हणजे किती, फुफू?" इफ्फतने विचारलं.

"थोडे म्हणजे थोडे. तुला काय तारीख लिहून देऊ?"

इफ्फतचा चेहरा तेव्हा मी पाहिला. त्या संध्याकाळी कुवेतहून फोन आला. फोन हॉलमध्ये, त्यामुळे बाळंतिणीने उंबऱ्याच्या आतून हात लांब करून रिसीव्हर धरला. तिचं बोलणं मला शब्द न् शब्द ऐकू आलं.

"माझा धाकटा भाऊ झाला तेव्हा मलाही थोड्या दिवसांसाठी आजोळी ठेवलं होतं, तन्वीर. शाळेत घालायच्या वेळी परत आणलं. मी आईला मावशी म्हणायचे. तिने जाईपर्यंत ते ऐकलं." तिने पलीकडचं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अम्मा म्हणते तसं? एवढंच? बरं."

तो मला आवडेनासा झाला तो तेव्हा. सातासमुद्रापलीकडे बसून त्याने माझ्यावरचा हक्क जसा आईला देऊन टाकला होता, तशीच पोरगीही देऊन टाकली.

अम्मा कठोर नव्हत्या, असं त्यांना वाटायचं. त्या म्हणाल्या, "शुक्रवारपर्यंत बघू. फुफू शुक्रवारी जाणार. तोवर पोरगी शांत राहिली तर राहू दे. नाय तर नेऊ दे."

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाली, पाऊस कोसळत होता, अम्मा आणि फुफू माजघरात लवंडल्या होत्या, बाबा खुर्चीत घोरत होते. इफ्फत खाटेवरून उठली. बाळ खाली अंथरुणावर झोपवलं, आणि चाळीस दिवसांचा उंबरा तिने साध्या पावलाने ओलांडला. आभाळ कोसळलं नाही. ते आधीपासूनच कोसळत होतं.

किल्ली अम्मांच्या पदरात होती. पण शोकेस करणाऱ्या सुताराने खाच ओबडधोबड केली होती. काच दोन्ही हातांनी वर उचलली की ती खालून सुटायची. पाच वर्षं त्या कुलपाला घर घाबरून होतं आणि काच नुसती उचलायची होती. इफ्फतने मला बाहेर काढलं, खोका तसाच पुढे सरकवून उभा केला, काच खाचेत बसवली आणि खोलीत परत गेली. खोक्यावरचं ते चित्रातलं मूल आता माझ्या जागी पालथं पडून पहारा देत होतं.

तिने माझं बटण दाबलं. मी हलले नाही. खिळ्याने तिने माझं पोट उघडलं. आत सेल फुटून हिरवट पांढरा चिकट थर झाला होता, तारा कुरतडल्या गेल्या होत्या. ती बघत राहिली. मला लाज वाटली. पाच वर्षं वाट पाहिली आणि ऐनवेळी मीच निकामी निघाले.

इफ्फत हसली. हसू चांगलं नव्हतं. "सांभाळलं म्हणे," ती पुटपुटली. तिने ती सगळी घाण पुसून काढली, सेल कागदात बांधून फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवले, परकराचा एक जुना नाडा इंजिनाला बांधला आणि त्याचं टोक आलियाच्या हातात दिलं.

आलियाने माझ्याकडे पाहिलं. मग मध्ये काच आहे का, म्हणून हवेत हात फिरवून पाहिला. नव्हती. तिने नाडा ओढला, आणि मी पाच वर्षांनी चालले. रूळ नव्हता, सेल नव्हते. कोब्याच्या खडबडीत जमिनीवर माझी चाकं खडखडत होती आणि तो आवाज मला आवडला.

इफ्फत पाजता पाजता खाटेवरून स्टेशनं सांगायची. खाटेचा पाया म्हणजे रत्नागिरी. ट्रंक म्हणजे संगमेश्वर. दोरीखालचा कोपरा चिपळूण. चिमटे हे प्रवासी. लवकरच आम्हाला खरं काम मिळालं. दोरीवरून सुकलेला लंगोट आलियाने ओढायचा, डब्यावर टाकायचा, आणि चिपळूणहून रत्नागिरीला आईजवळ पोचवायचा. पोचला की आई शिट्टी वाजवायची. लंगोट थोडा ओला असला तरी चालायचा. आलियाला तो माल पोचवायचाच असायचा. बाळ ओलं झालं की तीच आधी ओरडायची, "माल पायजे, माल." तांब्या तिने पुन्हा उलटा केला नाही. तिला वेळच नव्हता. डोळे मिटून पडलेल्या इफ्फतला माझ्या चाकांच्या आवाजावरून कळायचं, पोरगी ट्रंकेपाशी आहे की दारापाशी. आवाज थांबला की ती डोळे उघडायची.

"कसला गो खडखडाट?" अम्मा बाहेरून विचारायच्या.

"डबा आहे, अम्मा."

अम्मांची नजर कमी झाली होती. शोकेसमध्ये खोका दिसत होता, म्हणजे सगळं जागेवर होतं.

आता निरोपाचं बोलायला हवं, कारण यापुढे सांगण्यासारखा एकच प्रसंग आहे. तुमच्या घरातही असेल एखादी काच. तिच्याआड काहीतरी असेल, मुलांसाठी आणलेलं आणि मुलांपासून वाचवलेलं. तुम्ही म्हणाल, आम्ही वस्तूची किंमत करतो. नाही. तुम्ही पाहुण्यांची किंमत करता. जाऊन एकदा त्या वस्तूचं पोट उघडून बघा. मी विनंती करत नाही. विनंती करत मी पाच वर्षं बसले होते.

शुक्रवार आला. अहमदबाबा जुम्म्याची नमाज पढून परतले. रहमत फुफूची पिशवी भरून खोलीच्या दारात ठेवलेली होती, एसटी स्टँडला जायला रिक्षा सांगितली होती. आलियाचे कपडे भरायचे तेवढे बाकी होते. फुफू हॉलमध्ये बसून चहा पीत होती आणि तिची नजर शोकेसवर गेली. तिची नजर चांगली होती.

"भाबी, गाडी कुठं हाय? नुसता खोका दिसतोय."

अम्मांनी पदराची गाठ सोडली. कुलूप उघडलं, काच सरकवली, खोक्यामागे हात घातला. तेवढ्यात आतून माझी चाकं वाजली.

तिघंही खोलीच्या दाराशी आली. आलिया चिपळुणात होती, लंगोट ओढण्याच्या नादात. माझ्या अंगावर चिमटे बसले होते. मी त्या तिघांकडे खालून पाहिलं. इतकी वर्षं मी त्यांना फळीवरून पाहिलं होतं. तेव्हा ती मोठी दिसायची.

"इफ्फत," अम्मा म्हणाल्या, "कुणाला विचारून काढलीस?"

"कुणाला नाही."

"म्हणजे आमची किंमत एवढीच? ह्या घरात काय नियम हाय का नाय?"

"तरी मी म्हणते ना," फुफू म्हणाली, "ही शिकलेली पोरं. आज शोकेस फोडलं, उद्या घर फोडतील. दे ती गाडी इकडे. आणि पोरीचे कपडे बांध, रिक्षा येतेय."

"पोरगी शांत आहे, फुफू. अम्मांनी शुक्रवारपर्यंतच सांगितलं होतं. तेव्हापासून तिने बाळाला बोटसुद्धा लावलं नाही. विचारा अम्मांना, कधी रडणं ऐकलं?"

अम्मांनी ऐकलं नव्हतं.

अहमदबाबा खाकरले. "दुल्हन, मोठ्यांनी ठरवलं की ठरलं. तन्वीरनेही हो म्हटलंय. गाडी ठेव जागेवर."

इफ्फत खाटेवरून उठली. बाळ खांद्यावर होतं. फडताळातून तिने ती कागदाची पुडी काढली आणि बाबांच्या तळहातावर उघडली. फुटलेले सेल, हिरवी बुरशी, गंजलेली तार.

"हे तिच्या पोटातून निघालं. तुम्ही दर ईदला तिला वरून पुसत होता."

बाबांनी हात मागे घेतला नाही. ते बघत राहिले.

"ही गाडी आता परत काचेत जाणार नाही," इफ्फत म्हणाली. "आणि माझी मुलगी जयगडला जाणार नाही. घरात गर्दी झाली म्हणून उचलून दुसरीकडे ठेवायला ती वस्तू नाही. तन्वीरला मी सांगेन. तुम्हाला रागावायचं असेल तर रागवा, पण आवाज हळू ठेवा, हा आत्ता झोपलाय."

मला वाटलं, आता भडका उडेल. बाबा तळहातावरच्या सेलांकडे बघत होते. फुफूने भावाकडे पाहिलं, भावाने वर पाहिलं नाही. बाहेर पागोळ्या पडत होत्या.

तेवढ्यात आलियाला लंगोट मिळाला. तिने तो डब्यावर टाकला, नाडा धरला आणि रत्नागिरीला निघाली. मी खडखडत निघाले. वाटेत, बरोबर दारापाशी, फुफूची भरलेली पिशवी होती. आम्ही थांबलो.

आलियाने वर पाहिलं. "बाजू," ती म्हणाली.

फुफूने वाकून पिशवी उचलली.